नोंद कोणी करावी?

२०२५ च्या दिवाळीत मुरुडला आमच्या ओसरीवर एक तरुण येऊन बसला. मुलगा गावचाच. वडील शेतकरी, गळ्यात माळ, घरात पिढ्यान् पिढ्यांची वारी. पोरगा शिकून पुण्याला हिंजवडीकडे संगणकाच्या एका कचेरीत लागला आहे. फराळ झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, सोयाबीनचे भाव झाले. मग त्याने खाली मान घालून विचारले, "आबा, मी खोटं बोललो नाही. कुणाला बोलायलाही सांगितलं नाही. तरी माझ्या नावावर खोटं लिहिलं गेलं. मग खोटं बोललं कोण?"

आम्ही प्रथम हसलो. वाटले, शिकलेल्या पोराचा हा काहीतरी शब्दांचा खेळ असेल. पण त्याने सगळी हकीकत सांगितली तेव्हा हसू मावळले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो, कारण आज गावोगावच्या माळकऱ्यांची मुले अशाच नोकऱ्यांत आहेत. आणि ज्यांची नाहीत त्यांच्याही खिशात फोन आहेच.

त्याच्या कामाची रीत आधी समजून घेतली पाहिजे. या कचेऱ्यांतून परदेशच्या गिऱ्हाइकाचे काम होते आणि पुष्कळ ठिकाणी पैसा तासावर मिळतो. म्हणून अमक्या गिऱ्हाइकाच्या अमक्या कामाला किती वेळ दिला, याचा हिशोब प्रत्येकाला द्यावा लागतो. त्यासाठी संगणकावरच वह्या निघाल्या आहेत. टॉगल, क्लॉकिफाय अशी त्यांची नावे. टॉगल २००६ साली युरोपातल्या एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशात निघाली. कामाला बसताना कळ दाबायची, उठताना पुन्हा दाबायची, मधला वेळ वहीत पडतो. ही झाली एक वही. दुसरी वही म्हणजे कॅलेंडर. ते भिंतीवरचे नव्हे, फोनमधले. गुगलचे हे कॅलेंडरही २००६ चेच. सोमवारी ११ वाजता बैठक, बुधवारी ४ वाजता अमक्याशी बोलणे, असे पुढचे सारे त्यात मांडून ठेवायचे.

म्हणजे एका वहीत झालेले आणि दुसरीत व्हायचे. एवढे ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

आता दिवसाकाठी दहा वेळा कळ दाबायची म्हटले की माणूस विसरतो. संध्याकाळी आठवून लिहायला बसले की सकाळचे आठवत नाही. तेव्हा हुशार लोकांनी विचार केला की, बैठकीची वेळ कॅलेंडरात आहेच, तर तीच उचलून तासांच्या वहीत का टाकू नये? या दोन वह्यांची एकमेकींशी ओळख नसते. पण त्यांच्यामध्ये निरोप्याचे काम करणाऱ्याही सोयी आहेत. २०११ साली अमेरिकेत निघालेली झॅपियर त्यांतलीच एक. तिला एकदा सांगून ठेवायचे, "अमुक झाले की तमुक कर." कॅलेंडरातल्या बैठकीची वेळ संपली की निरोप्या उठतो, बैठकीचे नाव आणि मिनिटे घेतो आणि तासांच्या वहीत लिहून येतो. ना दमणे, ना विसरणे. आमच्या तरुणाने ही जोडणी एका संध्याकाळी बसवली, आणि त्याचा रोजचा अर्धा तास वाचू लागला. आम्हाला कौतुकच वाटले. यंत्राने माणसाचे कंटाळवाणे काम उचलले तर त्यात वाईट काय? पाणी शेंदणाऱ्या बाईला नळ मिळाला म्हणून कोणी रडत नाही.

मग आली आषाढी. २०२५ साली ती ६ जुलैला होती. पोराने रीतसर रजा काढली आणि २८ जूनला, शनिवारी, गावच्या दिंडीबरोबर मुरुडहून निघाला. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करत दशमीला पंढरपुरात. फोन पिशवीच्या तळाशी, तोही बहुतेक वेळ बंद. सोमवार ३० जून ते सोमवार ७ जुलै, मधले शनिवार-रविवार सोडले तर कामाचे ६ दिवस तो कचेरीत नव्हता. रजेची वही निराळी. ती ना कॅलेंडराला जोडलेली, ना तासांच्या वहीला. कॅलेंडरात मात्र एका अमेरिकन गिऱ्हाइकाशी रोज संध्याकाळी १ तासाची बैठक आणि त्याच्याच कामासाठी दुपारचे २ तास कायमचे मांडून ठेवलेले. पोरगा पंढरीच्या वाटेवर टाळ वाजवत होता, आणि इकडे निरोप्या रोज नेमाने उठून त्याच्या नावावर ३ तास लिहीत होता. ६ दिवसांचे १८ तास. महिनाअखेर वरिष्ठाने एका टिचकीत मंजुरी दिली, बिल गेले, पैसे आले.

हे त्याला कळले ऑगस्टात, तेही कसे पाहा. जुन्या नोंदी चाळताना ४ जुलैवर नजर पडली. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, तिकडे सगळे बंद. आणि वहीत लिहिलेले, त्या दिवशी संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाशी १ तास बैठक झाली! दोन माणसांची बैठक. एक बार्शीच्या रस्त्याला, दुसरा आपल्या घरी सुट्टीवर. आणि नोंद मात्र मिनिटाला मिनिट चोख.

तो घाबरला आणि वरिष्ठाकडे गेला. त्यांनी सांगितले, "राहू दे. गिऱ्हाइकानंही बघितलं नाही. आपण त्यांचं जास्तीचं काम कितीदा न लिहिता केलंय. वळतं झालं समज." पोरगा गप्प बसला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दिवाळीला गावी आला तेव्हा ते आमच्या ओसरीवर बाहेर पडले.

वाचकहो, आता यात खोटे बोलले कोण? त्याचे वडील शेजारीच बसले होते. ते चटकन म्हणाले, "यंत्राची चूक. पोराला काय माहीत? ते तर वारीत होतं." बापाचे मन ते, असेच बोलणार. पण यंत्राने चूक केली असे आम्हाला म्हणवत नाही. त्याला सांगितले होते, कॅलेंडरातली वेळ संपली की लिही. त्याने लिहिले. माणूस बैठकीला आला का, हे पाहायला त्याला सांगितलेलेच नव्हते, आणि पाहायला त्याला डोळेही नाहीत. सावकाराकडे कोऱ्या कागदावर अंगठा करून देणारी माणसे आमच्या लहानपणी होती. पुढे त्या कागदावर काय लिहिले जाईल ते त्यांना ठाऊक नसे. पण अंगठा त्यांचाच. जोडणी बसवली त्या संध्याकाळी या पोराने असाच एक अंगठा केला. 'जे ठरले ते झाले असे समज' ही त्या कागदाची अट होती, आणि ती त्याने वाचली नव्हती.

तरीपण अंगठा देणे आणि खोटे बोलणे एक नव्हे. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, जुलैत झाली ती चूक. ऑगस्टात तुला कळलं, त्या दिवसापासून ते खोटं." चुकीला करणारा लागतो. खोट्याला जाणणारा लागतो. निरोप्या जाणत नव्हता, म्हणून तो खोटारडा नाही. तू जाणलेस आणि गप्प बसलास. आता ते खोटे त्याचे राहिले नाही, तुझे झाले.

हे बोलणे त्याला लागले. आम्हालाही बोलून बरे वाटले नाही. दोन महिने झोप नसलेल्या पोराला आणखी टोचावे असे कोणाला वाटते? पण विचारायला आला होता, आणि विचारणाऱ्याला गोड खोटे सांगायचे तर मग त्या निरोप्यात आणि आमच्यात फरक काय उरला?

वरिष्ठांच्या 'वळते' करण्याचाही विचार केला पाहिजे, कारण तो युक्तिवाद वरवर न्यायाचा दिसतो आणि आपल्या गावातही रोज चालतो. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला संपते. वर्षभराचे खाडे मोजायचे असतात. चांगला मालक पाडव्याला हिशोब करताना म्हणतो, "खळ्यावर तू रात्री जागलास, ते दोन दिवस खाड्यांत वळते." हे खरे वळते. दोघे समोरासमोर, दोघांना ठाऊक, दोघांची मान हललेली. पण गड्याने न सांगता खाडे पुसले, किंवा मालकाने न विचारता रात्रीची जागरणे गिळली, तर त्याला वळते म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाचे जास्तीचे काम केले असेल तर ते त्याला सांगून मागावे, नाहीतर दिले म्हणून सोडून द्यावे. अंधारात आपणच तराजू धरायचा आणि आपणच माप घालायचे, हा व्यवहार नव्हे.

खाड्यांवरून आठवले. झालेले आणि व्हायचे एका जागी आणणे ही काही परदेशी युक्ती नाही. आपल्या घरोघरी ती आहे. १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आले. त्याच्या चौकटीत वर तिथी, वार, एकादशी छापलेली, आणि खाली घरच्या बाईची पेन्सिल चाललेली. आज दूध दीड लिटर. आज गॅसची टाकी लागली. आज गडी आला नाही. एकाच चौकटीत वर व्हायचे, खाली झालेले! पण यातली खुबी पाहा. दूध भांड्यात पडले की मगच पेन्सिल हातात येते. महिन्याच्या एक तारखेला बसून तीसही चौकटींत 'दीड लिटर' लिहून ठेवणारी बाई आम्ही पाहिली नाही. तशी लिहिली असती तर गवळ्याने खुशाल दोन दिवस दांडी मारून तीस दिवसांचे पैसे नेले असते, आणि भांडायला तिच्याकडे तोंड उरले नसते. तिच्याच अक्षरात लिहिलेले ना!

पूर्वी मुहूर्त साधायला लग्नघरी घटिकापात्र मांडत. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. मोजणारी ती वाटीच. पण तिच्याजवळ एक माणूस बसवलेला असे. त्याने डोळा लावायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, बुडाली की सांगायचे. वाटीवर कोणाचा अविश्वास नव्हता. पण 'झाले' हा शब्द माणसाच्या तोंडून यावा, अशी ती रीत.

इथे आमचा एक जुना टाळकरी सोबती मध्ये बोलला. त्याचा आक्षेप मोलाचा आहे म्हणून लिहितो. तो म्हणाला, "महाराज, सेना न्हाव्याची गोष्ट विसरलात? सेना पूजेत बसला, राजाकडे गेलाच नाही, आणि देवानं त्याची हजेरी लावली. मग हे पोरगं वारीत असताना त्याची हजेरी लागली, तर बिघडलं कुठं? देवाचीच करणी म्हणा की!"

ओसरीवर सगळे हसले. वडिलांचा चेहरा तर एकदम उजळला. पण ही कथा नीट ऐकली तर ती उलट साक्ष देते. सेना राजाचा न्हावी. राजाचे बोलावणे आले तेव्हा तो पूजेत. तेव्हा विठ्ठल सेनाचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजवाड्यात गेला. आणि तिथे त्याने काय केले? हजेरीपटावर सेनाचे नाव लिहून परत आला काय? नाही. राजाची हजामत केली, तेल लावले, मर्दन केले. राजाला वाटीतल्या तेलात वेगळेच रूप दिसले असे सांगतात, ते निराळे. पण हजामत झाली होती, ही गोष्ट खरी. सेना आला असे लिहायच्या आधी सेनाचे काम झालेले होते. दामाजीपंतांच्या कथेतही तसेच. देवाने नुसती पावती आणली नाही, आधी रक्कम भरली. देवालासुद्धा नोंद करायची तर आधी काम करावे लागले! आमच्या निरोप्याने नुसती नोंद केली. गिऱ्हाइकाची दाढी वाढलेली ती वाढलेलीच.

आमचा सोबती मोकळ्या मनाचा. म्हणाला, "हे खरं. हजामत पाहिजे."

ही बाब फक्त पुण्यामुंबईच्या पांढरपेशा कचेऱ्यांची आहे असे कोणी समजू नये. नोंद आणि काम यांची फारकत आमच्या मराठवाड्याने मातीकामावर पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. बाया-माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. मुकादम सकाळी नावे पुकारी आणि आठवड्याला पगार होई. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा आला. या साऱ्या काळात हजेरीपट म्हणजे मजुराचा जीव. न आलेल्याचे नाव पटावर चढले की आलेल्याच्या तोंडचा घास कमी होई. ही लबाडी मोडावी म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये एक फोनची सोय काढली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची केली. कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायचे आणि तिथूनच चढवायचे. हेतू चांगला होता. पण जिथे फोनला रेंज नाही तिथे घाम गाळलेल्याची हजेरी लागेना, अशा तक्रारी जागोजाग झाल्या. आणि लबाडाने फोटोचाच फोटो काढून चढवला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारलाच परिपत्रक काढून लिहावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोंवरून काढलेले फोटो हजेरी म्हणून चढवले जात आहेत.

पाहा, दोन टोके कशी एकत्र आली. हिंजवडीत यंत्राने न झालेले काम लिहिले, आणि माळरानावर यंत्राने झालेले काम लिहिले नाही. दोन्हीकडे उणे होता तो पाहणारा माणूस. फरक इतकाच की हिंजवडीच्या चुकीत पोराच्या कचेरीला पैसे जास्त मिळाले, आणि माळावरच्या चुकीत मजुराची चूल थंड राहिली. हा फरक लहान नाही. तो पोराला आम्ही मुद्दाम सांगितला.

असो. आता त्या पोराने अर्ध्याच आवाजात सांगितलेली दुसरी गोष्ट लिहितो. पहिलीत पैसा होता, दुसरीत पैसाही नाही. पण आमच्या मते ती जास्त खोल आहे.

त्याने कॅलेंडरात रोज रात्री साडेआठला 'हरिपाठ' असा अर्धा तास मांडला होता. हेतू असा की फोन वाजावा आणि आठवण व्हावी. चांगलीच गोष्ट. पण जोडणी बसवली तेव्हा तीही नोंद निरोप्याच्या हाती लागली आणि तासांच्या वहीत 'नेम' या नावाखाली पडू लागली. जून, जुलै, ऑगस्ट असे ९२ दिवस, एकही खाडा नाही. ४६ तास! गणपतीला घरी आला तेव्हा त्याने तो आकडा सहज वडिलांना दाखवला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. पुण्यात राहून पोराने नेम मोडला नाही! देवळात त्यांनी चारचौघांना सांगितले. आणि खरे काय होते? पोरगा म्हणाला, "निम्मे दिवस सुद्धा नसतील, आबा. कधी बसमध्ये, कधी बैठक लांबलेली, कधी नुसता कंटाळा." आणि गंमत अशी की वारीच्या त्या आठवड्यात रोज मुक्कामी दिंडीत हरिपाठ झाला, भजन झाले, कीर्तन झाले, रात्रीचे दोन-दोन तास गेले. त्याची नोंद किती? तोच अर्धा तास. केले नाही तेव्हा लिहिले, आणि भरभरून केले तेव्हा कमी लिहिले.

इथे कोणी म्हणेल, यात कोणाचे नुकसान? संकल्पालाही मोल असतेच. असते, नाही कोण म्हणतो? पण संकल्प संकल्पाच्या खात्यात लिहावा. पेरायचे ठरवले म्हणून खळ्यावर रास दाखवता येत नाही. आणि नुकसान व्हायचे ते झालेच होते. पोराने स्वतःच सांगितले, "तो आकडा बघितला की मला वाटायचं, चाललंय आपलं. मग एखाद्या रात्री नाही केला तरी टोचायचं नाही." पूर्वी चुकले की मन खात होते. आता मनाच्या आधी वही बोलत होती, 'झाले'. मन कशाला खाईल? गिऱ्हाइकाला १८ तासांचे पैसे परत देता येतात. हे टोचणे गेले ते कोणत्या बिलातून परत द्यायचे?

नाथ महाराजांची हिशोबाची कथा प्रत्येक कीर्तनात ऐकतो. देवगडावर जनार्दनस्वामींच्या कचेरीत एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर दिव्याशी बसले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी त्यावर काय शिकवले ते सर्वांना ठाऊक आहे, की हीच एकाग्रता देवाकडे लाव. पण आम्हाला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. एका पैने कोणाचे काय जात होते? तरी नाथांना वहीत खोटे सोसवले नाही. ज्याला एका पैचे टोचते त्यालाच स्वामींनी पुढची वाट दाखवली. ज्याला टोचतच नाही त्याला एकाग्रता कशावर करायला सांगायची?

मग आम्ही त्याला काय सांगितले? जोडणी मोडून टाक, असे नाही. आम्ही फोन फेकून देणाऱ्यांतले नव्हेत, आमचाही फोन उशाशी असतो. आम्ही त्याला एवढेच विचारले की निरोप्याची वाट उलटी करता येईल का? म्हणजे झालेले काम तासांच्या वहीतून उचलून कॅलेंडरात नेऊन टाकायचे. तो म्हणाला, येते. तसे केले तर कॅलेंडर आरशासारखे होते. ठरले काय आणि झाले काय, दोन्ही शेजारी दिसतात आणि मधली फट लपत नाही. आणि कॅलेंडराकडून वहीकडे आणायचेच असेल तर? त्यानेच सांगितले की टॉगलमध्ये कॅलेंडरातल्या बैठका शेजारी नुसत्या दाखवायची सोय आहे. आपण बोट लावून कबूल केले की मगच ती नोंद वहीत जाते. आम्ही म्हणालो, हेच ते घटिकापात्राशी बसलेले माणूस! संध्याकाळी दोन मिनिटे बस, एकेका बैठकीवर बोट ठेव आणि मनाला विचार, झाली का? किती वेळ झाली? अर्धा तास वाचला होता, त्यातली दोन मिनिटे परत दे. आणखी एक, रजेची वही कॅलेंडराला जोड, म्हणजे रजेच्या दिवशीच्या बैठका आपोआप गळतील. आणि घरचे कॅलेंडर कचेरीच्या कॅलेंडरातून वेगळे काढ. निरोप्याला सगळ्या खोल्यांत फिरू देऊ नये.

'कायमचे मांडून ठेवायचे' या खोडीचा एक विनोदही त्याने सांगितला. २०२४ साली आषाढी १७ जुलैला होती. त्याने ती कॅलेंडरात लिहिली आणि खाली 'दर वर्षी' असे सांगून टाकले. २०२५ साली ६ जुलैला एकादशी करून, पंढरपूरहून परतून, कचेरीत बसला असताना ११ दिवसांनी फोन वाजला, आज आषाढी! आम्ही त्याला पंचांग समजावले. तिथी चंद्रासूर्याच्या चालीवर असते, ती २४ तासांची नसते, कधी वीसच्या आसपास तर कधी सव्विसाच्या. इंग्रजी तारखेला ती बांधून घेता येत नाही. दर वर्षी पाहावीच लागते.

दिवाळीनंतर नोव्हेंबरात त्याचा फोन आला. वरिष्ठांना पुन्हा भेटला होता, या वेळी लेखी दिले होते. ते रागावले, पण पुढच्या बिलातून १८ तास वजा झाले. गिऱ्हाइकाकडून एका ओळीचे उत्तर आले, कळवल्याबद्दल आभार, एवढेच. कचेरीत वर्षाच्या शेवटी त्याची बढती-पगाराची यादी लागते. तिच्यात त्याचे काय झाले ते त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

हरिपाठाचे त्याने असे केले. कॅलेंडरात साडेआठची घंटा ठेवली, पण तासांच्या वहीतले 'नेम' हे खातेच पुसून टाकले. वडिलांना खरे सांगायचे मात्र त्याला जड गेले. संक्रांतीला गावी आला तेव्हा सांगितले. आम्ही तिथे नव्हतो, त्यामुळे काय बोलणे झाले ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दोघे काकड्याला बरोबर आले, एवढे आम्ही पाहिले.

काकडा झाल्यावर पोरगा जवळ आला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "आबा, २०२६ ची आषाढी सांगा. हाताने लिहितो." त्या साली ज्येष्ठ अधिक, म्हणून आषाढी २५ जुलैला. आम्ही तारीख सांगितली. वडिलांनी तेवढ्यात घरचे कालनिर्णय पाहून येतो म्हणून पाय उचलला होता.